वाणिज्यग्राम ते जवळा बाजार : घाऊक व्यापाराचे अर्थकारण

मराठवाड्यात जवळा या नावाची गावे अनेक आहेत. त्यांपैकी हिंगोली जिल्ह्यातील, औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा आपल्या बाजाराने ओळखला जातो आणि म्हणून सारे त्याला जवळा बाजार म्हणतात. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, माहूरच्या बाजूला वाई बाजार आहे. गावाच्या नावाशी बाजार असा कायमचा जोडला जातो, तेव्हा पंचक्रोशीने त्या गावाच्या कार्याला दिलेली ती पावतीच असते. परभणी–हिंगोली रस्त्यावर, हट्टा आणि औंढा यांच्या दरम्यान वसलेल्या या गावाला स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद पिकविणाऱ्या या परिसरातील शेतकऱ्याला जगाचा बाजार प्रथम भेटतो तो अशाच एखाद्या मोंढ्यात.

आज मात्र या मोंढ्याविषयी एक प्रश्न सर्वत्र विचारला जातो. शेतकरी आणि ग्राहक यांच्यामध्ये हा मधला माणूस हवाच कशाला? आडत्या आणि घाऊक व्यापारी काही पिकवीत नाहीत, काही घडवीत नाहीत. मग त्यांचा वाटा कशाचा? हा प्रश्न रागाने विचारला जातो, तसाच अभ्यासानेही विचारला जातो. व्यापारी कुळांत जन्मलेल्या आपल्या समाजाने तो टाळू नये. त्याचे उत्तर आधी अर्थशास्त्राच्या आणि मग आपल्या धर्माच्या परिभाषेत स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे, यासाठी हा प्रपंच.

आनंद श्रावकाचे हजार गाडे

उपासकदशा या सातव्या अंगसूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आली आहेत. त्यांतील पहिला आनंद. त्याच्या गावाचे नाव वाणिज्यग्राम, म्हणजे अक्षरशः व्यापाराचे गाव. आनंदाची चार कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती निधीत होती, चार कोटींची व्यापार-व्याजात आणि चार कोटींची घरसंसाराच्या विस्तारात. भगवंतांकडून श्रावकव्रते घेताना त्याने आपल्या परिग्रहाची मर्यादा आखली. त्या मर्यादेत पाचशे नांगर होते. त्याचबरोबर पाचशे गाडे दूरदेशीच्या यात्रेसाठी आणि पाचशे गाडे माल वाहून आणण्यासाठी होते.

या तपशिलाकडे आपण सहसा केवळ वैभवाचे वर्णन म्हणून पाहतो. वास्तविक त्यात एका संपूर्ण अर्थव्यवस्थेचे चित्र आहे. नांगर हे उत्पादन, शेतातून गावात माल आणणारे गाडे हे संकलन आणि दूरदेशी जाणारे गाडे हे वितरण. या तिन्हींचा मेळ ज्याच्या अंगणात बसतो, तो घाऊक व्यापारी. आनंदाच्या व्रताने व्यापाराला मर्यादा घातली, पण त्याचा निषेध केला नाही. गाडे चालू राहिले. त्यांची संख्या मात्र ठरली.

आठ क्विंटल आणि एक ट्रक

आता वाणिज्यग्रामातून जवळा बाजारात येऊ. उदाहरणादाखल असे धरू की, एका शेतकऱ्याने दसरा-दिवाळीच्या सुमारास आठ क्विंटल सोयाबीन मोंढ्यात आणले. त्याला पैसे आजच हवे आहेत, कारण रब्बीची पेरणी उभी आहे, मजुरांची देणी आहेत आणि सण तोंडावर आहे. दुसऱ्या टोकाला तेलाचा कारखाना आहे. सोयाबीनच्या वजनात तेलाचा अंश साधारण अठरा ते वीस टक्के असतो, उरलेल्याची पेंड होऊन ती कुक्कुटपालनाकडे आणि पशुखाद्याकडे जाते. कारखान्याला वर्षभर, रोज, ठरावीक प्रतीचा माल लागतो. आठ क्विंटलांची पोती सोडवून घेणे त्याला परवडत नाही आणि शेतकऱ्याला आठ क्विंटलांसाठी लातूरपर्यंत वाहन नेणे परवडत नाही.

दहा टनांचा एक ट्रक भरायला शंभर क्विंटल लागतात. म्हणजे असे बारा-तेरा शेतकरी एकत्र यावे लागतात. घाऊक व्यापाराचे पहिले काम हे संकलनाचे. दहा शेतकरी आणि दहा खरेदीदार यांनी परस्परांशी स्वतंत्र व्यवहार करायचे ठरविले, तर शंभर व्यवहार होतात. मध्ये एक विश्वासू दुकान आले, तर दहा आत येणारे आणि दहा बाहेर जाणारे अशा वीस व्यवहारांत तेच काम होते. वाचलेल्या ऐंशी व्यवहारांचा प्रवास, शोध आणि वेळ हीच मोंढ्याची खरी निर्मिती. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचे मोल ध्यानात येत नाही.

दुसरे काम प्रतवारीचे. एकाच दिवशी आलेल्या मालात कुणाचे दाणे पावसाने डागी झालेले, कुणाच्या मालात माती-काडी, कुणाचे ओलसर असतात. ओलाव्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सोयाबीनसाठी बारा टक्के आर्द्रता प्रमाण मानली जाते. पंधरा टक्के ओलाव्याचे शंभर क्विंटल सोयाबीन बारा टक्क्यांपर्यंत वाळविले, तर ते साधारण 96.6 क्विंटल भरते. सुमारे 3.4 क्विंटल पाणी उडून जाते. 2025-26 च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या 5,328 रुपये हमीभावाने ही तूट सुमारे अठरा हजार रुपयांची होते. व्यापारी घट धरतो तेव्हा तो दर वेळी अन्याय करतो असे नाही. परंतु त्याच हिशेबाने आठ क्विंटलवाल्याची न्याय्य घट सुमारे 27 किलो आहे. मापकयंत्र न लावता, मूठभर दाणे दाताखाली धरून कुणी पन्नास किलो कापले, तर वरचे 23 किलो पाण्याचे नव्हेत. ते शेतकऱ्याच्या घरातले आहेत. 2024 च्या हंगामात भाव हमीभावाखाली घसरले, तेव्हा केंद्र सरकारने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत वाढविली, ती याच प्रश्नाची धग ओळखून.

तिसरे काम काळाचे. सोयाबीनची सुगी दीड-दोन महिन्यांची, गरज मात्र बारा महिन्यांची. या दोहोंतील अंतर कुणाच्या तरी गोदामात, कुणाच्या तरी भांडवलावर काढावे लागते. त्या काळात भाव पडण्याची, कीड लागण्याची, वजन घटण्याची जोखीम कुणीतरी घ्यावी लागते. चौथे काम पैशाचे. कारखान्याकडून रक्कम येण्यास काही दिवस लागतात, शेतकऱ्याची पट्टी मात्र आज चुकती व्हायला हवी. वजन झाले त्याच दिवशी शेतकऱ्याचे पैसे मिळावेत, हा बाजार समितीच्या व्यवस्थेचाही आग्रह आहे. मधल्या दिवसांचा भार उचलतो तो आडत्या.

संकलन, प्रतवारी, प्रतीक्षा आणि पैसा ही चार कामे ज्या दुकानात होतात, तेथील नफा हा श्रमाचा मोबदला आहे. यांपैकी एकही काम न करता केवळ शेतकऱ्याच्या अडचणीवर मिळालेला पैसा मात्र मोबदला म्हणता येत नाही, मग तो कितीही कायदेशीर असो. घाऊक व्यापाराचे सारे समर्थन आणि साऱ्या टीकेचे मूळ या एका भेदात आहे.

हळदीने घडविलेला मुलूख

या चारही कामांचा कस पाहायचा तर हळदीकडे पाहावे. आज महाराष्ट्रात हळदीखालील सर्वांत मोठे क्षेत्र हिंगोली जिल्ह्यात आहे. येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांतून वसमत-औंढा भागाला मिळू लागले, तेव्हापासून येथील शेती बदलत गेली. पूर्वी हळदीचे नाव निघाले की सांगलीचे नाव निघे. हरिपूरची जमिनीखालची पेवे, ज्यांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राही, ती तर साठवणुकीच्या शास्त्राचा नमुनाच होती. 2005 च्या महापुराने त्यांतील बरीच उद्ध्वस्त झाली. दरम्यान पिकाचा मोठा भाग मराठवाड्यात आला, त्यामागून बाजारही आला. वसमत, हिंगोली आणि नांदेड ही आज हळदीची मोठी ठाणी आहेत. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभे राहत आहे.

हळद सोयाबीनसारखी सरळ विक्रीला येत नाही. मे-जूनमध्ये लावलेली हळद काढायला नऊ महिने लागतात. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. ओल्या हळदीच्या साधारण पाचवा हिस्साच वाळल्यावर उरतो. हळकुंडाचा भाव वेगळा, जेठ्या गड्ड्यांचा वेगळा. रंग, लांबी, टणकपणा, तुटीचा आवाज या साऱ्यांवर बोली ठरते. मसाल्याचा कारखाना, कुंकवाचा कारखाना, औषधी कंपनी आणि निर्यातदार यांना वेगवेगळी प्रत हवी असते. कोणती हळद कोणाकडे जावी, हे ज्ञान पिढ्यांनी जमविलेले असते. शेतकऱ्याच्या ढिगापुढे उभा राहून हात घालताच प्रत ओळखणारा जाणता खरेदीदार त्या ढिगाला त्याचा योग्य ग्राहक मिळवून देतो, तेव्हा भाव केवळ ‘लागत’ नाही, तो ‘शोधला’ जातो. चांगल्या मालाला चांगला भाव मिळाला, तरच पुढच्या वर्षी शेतकरी हळद नीट शिजवितो. बाजार अशा रीतीने शेतीला शिकवीत असतो. प्रत न पाहता सरसकट एकच भाव लावणारा व्यापारी आपल्याच पुढच्या हंगामाचे नुकसान करतो.

दोन नाणी, दोन आठवणी

हा दुवा पूर्वी याहून कठीण होता. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. निजामाचे हाली नाणे आणि इंग्रजी मुलखाचे कलदार वेगळे; सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. वऱ्हाडात किंवा मुंबई इलाख्यात माल पाठवायचा तर सीमेवर जकात, दोन नाण्यांचा विनिमय आणि प्रत्येक पेठेची वेगळी मापे, असा सारा गुंता व्यापाऱ्याच्या वहीत सुटत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग पूर्ण झाला आणि पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा गेला, तेव्हा येथील कापूस आणि धान्य दूरच्या बाजारांशी जोडले गेले. शेर, मण, खंडी जाऊन किलो-क्विंटल आले ते 1960 च्या आसपास.

बाजाराला शिस्त लावण्याचा देशातील पहिला प्रयोगही येथून दूर नाही. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे 1886 मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. कारंजा हे नाव आपल्याला वेगळ्या कारणानेही प्रिय आहे. तेथील दिगंबर मंदिरे, भट्टारकांची पीठे आणि हस्तलिखितांचे भांडार यांमुळे अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा जगापुढे आला. ज्या पेठेत तराजूला नियम लागले, त्याच पेठेत ग्रंथ जतन झाले, ही गोष्ट आपल्या समाजाच्या परंपरेविषयी पुष्कळ सांगते.

दुसरी आठवण मात्र कटू आहे, आणि तीही जपली पाहिजे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर कापसाचे भाव गगनाला भिडले होते. युद्ध संपताच ते कोसळले. सरकारी शेतसारा वाढलेला होता, कर्जे थकली होती. जमावाचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. त्या हाती घेऊन जाळणे हाच अनेक ठिकाणी हल्ल्याचा हेतू होता. पुढे 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. या प्रकरणात सरकारी धोरणांचा दोष मोठा होता हे इतिहासकार मान्य करतात. तरीही आपण एक गोष्ट विसरू नये. जी वही शेतकऱ्याला वाचता येत नाही, ती एक दिवस त्याला शत्रू वाटू लागते.

नव्या वाटा, जुना प्रश्न

आज शेतकऱ्यापुढे मोंढ्याखेरीज अनेक वाटा आहेत. 2016 मध्ये सुरू झालेली ई-नाम व्यवस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, कारखान्यांची थेट खरेदी केंद्रे, मोबाइलवर क्षणोक्षणी दिसणारे लातूर-अकोल्याचे भाव ही त्यांतील काही. अनेक व्यापारी कुटुंबांना यात आपल्या व्यवसायाचा अंत दिसतो आणि मुले पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांकडे वळतात.

मध्य प्रदेशातील सोयाबीनचा अनुभव येथे उपयोगी पडेल. 2000 साली एका मोठ्या कंपनीने गावोगावी संगणक बसवून ‘ई-चौपाल’द्वारे थेट खरेदी सुरू केली. पुढील अभ्यासात असे आढळले की, या स्पर्धेमुळे जवळच्या सरकारी बाजारांतील सोयाबीनचे भावही सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढले. म्हणजे आधीच्या भावात काही वाटा स्पर्धेच्या अभावाचा होता. आणि त्याच कंपनीने स्थानिक आडत्यांना ‘संयोजक’ म्हणून आपल्या व्यवस्थेत सामावून घेतले, कारण माल उतरवून घेणे, वाहतूक लावणे, रोख रक्कम पुरविणे या कामांना पर्याय नव्हता. कामे टिकली; कामाविना मिळणारा लाभ तेवढा गेला.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही अशीच समजून घ्यावी. सोयाबीन, तूर, हळद यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतकऱ्याला त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. पडत्या भावात विकण्याची सक्ती त्यामुळे टळते. व्यापाऱ्याला यात स्पर्धक दिसू नये. वर्षभर विभागून येणारा माल त्याच्याही गोदामाला आणि भांडवलाला सोयीचाच असतो. आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याला ही योजना समजावून सांगणारा आडत्या पुढच्या दहा हंगामांचा ग्राहक जोडतो.

जळगावचे भवरलाल जैन यांचे उदाहरण येथे आठवते. जामनेर तालुक्यातील वाकोदच्या या तरुणाने सरकारी अधिकारीपदाची संधी सोडून 1963 मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीने व्यापार सुरू केला. पुढे खते, बियाणे, शेती अवजारे यांच्या एजन्सी आल्या. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्याची अडचण ऐकता ऐकता ते पाइप, ठिबक सिंचन आणि फळ-भाजी प्रक्रियेपर्यंत पोहोचले, आणि शेतकऱ्याशी आधी ठरविलेल्या भावाने कांदा खरेदी करण्याचे करारही त्यांच्या कंपनीने केले. प्रत्येकाला एवढे विस्तारता येणार नाही. पण दिशा लक्षात घ्यावी. व्यापारी बाजाराकडून शेताकडे चालत गेला, तेव्हाच वाढला.

मोंढ्यातील अतिचार

तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ दोन्ही परंपरांना मान्य आहे. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगताना उमास्वातींनी त्यांत दोन अशा गोष्टी घेतल्या आहेत, ज्यांचे स्थान थेट मोंढ्यात आहे. एक, हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी मापाने तोलणे. दुसरा, प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्यात हीन मिसळून त्याच नावाने विकणे. सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आचार्यांनी हे दोष चोरीच्या प्रकरणात घातले. व्यापारातील चतुराई म्हणून त्यांना सूट दिली नाही.

आजच्या भाषेत सांगायचे तर, काट्याची वेळच्या वेळी तपासणी, ओलावा मापकयंत्रावरच ठरविणे, घटीचे प्रमाण फळ्यावर लिहिणे, हमाली-तोलाई-आडत यांचे आकडे हिशेबपट्टीवर मराठीत स्पष्ट दाखविणे, आणि जुनी हळद नवीत न मिसळणे ही आपल्या व्रताची दैनंदिन रूपे आहेत. हमालाला 1969 च्या माथाडी कायद्यानुसार त्याचा हक्क देणे, हेही त्याच यादीत बसते, कारण दुव्यातील त्याची कडी सर्वांत अधिक ओझे वाहते. शेतकऱ्याला पट्टी वाचता आली आणि ती त्याने घरी मुलांना वाचून दाखविली, तर त्या दुकानाला जाहिरात लागत नाही.

जवळा बाजारपासून दूर नसलेल्या शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. दर्शनाला जाणारी व्यापारी कुटुंबे ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याने हळदीचे ट्रॅक्टर मोंढ्याकडे येतात. दोन्ही वाटा एकाच गृहस्थाच्या जीवनात मिसळाव्यात, अशीच श्रावकधर्माची अपेक्षा आहे.

येत्या दिवाळीला, भगवंतांच्या निर्वाणकल्याणकानंतर, आपण नव्या वह्यांचे पूजन करू. गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण पहिल्या पानावर होईल. त्याआधी जुन्या वहीत कोणत्याही शेतकऱ्याची रक्कम अडकलेली राहू नये आणि काट्याची तपासणी झालेली असावी, एवढा नियम प्रत्येक घाऊक दुकानाने स्वतःला घालून घ्यावा. शेतकऱ्यापुढे आता अनेक वाटा आहेत. तरीही त्याने आपल्याच दुकानासमोर ट्रॅक्टर उभा करावा, असे वाटत असेल तर त्याचे कारण आपण दर हंगामात नव्याने देत राहिले पाहिजे.